'मी एक पूरग्रस्त बोलतोय...'

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आबा, मराठीचा निबंध द्यायचाय. 'पूरग्रस्ताचे मनोगत'. पंचवीस ओळी. तुम्ही मराठीचे मास्तर, पटकन सांगा ना." मी म्हटलं, अरे बाबा, आपलं चंदगडातलं घर उंचावर. पाऊस धो धो पडतो, पण आपल्या उंबऱ्याला कधी पुराचं पाणी लागलेलं नाही. मी काय सांगणार? तर म्हणाला, "राहू दे मग, मोबाइलवर काढतो." आणि खरंच, माझा चहा निवायच्या आत निबंध व्हॉट्सअॅपवर हजर!

चष्मा पुसून वाचला. 'मी एक पूरग्रस्त बोलतोय...' अशी सुरुवात. मग आभाळ फाटलं, होत्याचं नव्हतं झालं, डोळ्यांतलं पाणी पुराच्या पाण्यात मिसळलं, आणि शेवटी माणुसकी अजून जिवंत आहे. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. हल्लीची ती कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ना, तिनं लिहिलेला.

मंडळी, खरं सांगतो, मला यंत्राचा राग आला नाही. त्या बिचाऱ्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीनं. हा निबंध माझ्या ओळखीचा होता! नोकरीची तीस वर्षं मी हाच निबंध तपासला. शेतकऱ्याच्या नावानं, हमालाच्या नावानं, भूकंपग्रस्ताच्या नावानं, अंध भिकाऱ्याच्या नावानं. आणि जो असा लिहील त्याला दहापैकी नऊ दिले. ज्या यंत्राला ना घर, ना दार, ना भिजायला अंग, ते 'मी' म्हणून रडतं आणि आपल्याला ते ओळखीचं वाटतं, याचा अर्थ आम्ही मास्तरांनी मुलांना इतकी वर्षं नेमकं काय शिकवलं?

तर आज जे म्हणायचं आहे ते सरळच म्हणतो. कुणाला राग आला तरी चालेल. जिवंत माणसांची 'मनोगतं' मुलांकडून लिहून घेणं बंद करावं. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं, नदीचं मनोगत खुशाल लिहा. पुस्तक उठून 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला येत नाही. पण माणसाला स्वतःचं तोंड आहे. ते असताना त्याच्या जागी बसून 'मी' म्हणायचं आणि त्याला कल्पनाशक्ती म्हणायचं, हे मला आता पटत नाही. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत 'आत्मकथन' हा पर्याय असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितोय.

हे शहाणपण मला कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. आलं ते एका मुलीकडून, आणि तेही तिच्यावर अन्याय करून. १९९४च्या आसपासची गोष्ट. आमच्या भागात दिवाळीनंतर उसाच्या टोळ्या येतात. त्या वर्षी बीडकडच्या एका टोळीतली एक मुलगी काही महिने आमच्या सातवीच्या वर्गात बसत होती. पटावर नाव नव्हतं, नुसती बसायची परवानगी होती. माळावर कोप्या होत्या, तिथून चालत यायची. मागच्या बाकावर बसायची. आठवड्यातून दोन दिवस यायची नाही, कारण धाकट्या भावाला सांभाळायचं असे.

मी निबंध दिला, 'ऊसतोड मजुराचे मनोगत'. मला वाटलं होतं, तिला सोपा जाईल. केवढा मी हुशार!

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलानं झकास लिहिलं. (तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याची काही चूक नाही, चूक माझी.) 'मी एक अभागी ऊसतोड मजूर. माझ्या घामानं तुमची साखर गोड होते...' मी तो वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. नऊ गुण.

त्या मुलीनं पाऊण पान लिहिलं होतं. त्यात 'मी' नव्हताच. 'आई' होती. आई पहाटे उठून अंधारात दोरी चाचपते. वाकायच्या आधी दोन्ही मुठी कमरेला लावून उभी राहते. मोळी डोक्यावर घेतली की कुणाशी बोलत नाही. आणि एक वाक्य असं होतं की उसाच्या पात्यानं हात कापला की आई बोट तोंडात घालते आणि मग कुणी बघितलं का ते बघते.

मी लाल शाईनं शेरा मारला, 'मनोगत प्रथमपुरुषी हवे. भावना नाहीत.' दहापैकी चार.

वही घेताना ती हळूच म्हणाली, "सर, आईच्या मनातलं मला काय म्हाईत? ती बोलत न्हाई. जे दिसतं तेवढं लिव्हलं."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा 'कल्पना करायची असते' असं काहीतरी म्हणालो असेन. तोड संपल्यावर टोळी गेली. पुढच्या हंगामाला ती टोळी आलीच नाही, दुसरीच आली.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाला तसं वाचन वाढलं. बी. ए.ला मी तत्त्वज्ञानाचे दोन पेपर घेतले होते, तेही मराठीतून. तेव्हा हुसर्ल हे नाव फक्त परीक्षेपुरतं ऐकलं होतं. त्याच्या विचारपद्धतीला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. मराठीत प्रतिशब्द आहेत, पण एकही माझ्या जिभेवर बसत नाही. मी आपला साधं म्हणतो, 'अनुभव जसा येतो तसा नीट पाहणं'. सिद्धांत नंतर, पाहणं आधी. या मंडळींनी एका प्रश्नावर फार डोकं घातलं. माझं मन मला कळतं, पण समोरच्याला मन आहे आणि त्यात अमुक चाललंय हे मला कशावरून कळतं?

जुनं उत्तर अनुमानाचं. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात उदाहरण आहे ना, पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. तसंच दुसऱ्याचं अंग दिसतं, मन दिसत नाही. मला चटका बसला की मी ओरडतो, तो ओरडला, म्हणून त्यालाही चटका बसला असणार. म्हणजे मी सगळीकडे माझंच मन लावत जायचं. ऐकायला तर्कशुद्ध आहे. पण तान्हं बाळ आईच्या हसण्याला हसतं, त्यानं काय अनुमान केलं? त्या बाळानं तर स्वतःचं तोंड आरशात पाहिलेलंही नसतं.

माक्स शेलर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं या उत्तरावर चांगलाच हल्ला चढवला. त्याचं म्हणणं, लाज ही लाल झालेल्या गालांच्या मागे कुठेतरी लपलेली नसते, ती तिथेच दिसते. आनंद हसण्यात दिसतो. आपली मराठी तर हे कधीपासून बोलते! 'त्याच्या नाकावर राग आहे' असं आपण म्हणतो. 'त्याच्या नाकपुड्यांच्या हालचालीवरून आत राग असावा असं अनुमान निघतं' असं कुणी म्हणतं का? 'तिचं तोंड उतरलं' म्हणतो. दुःख तोंडावर दिसलं म्हणूनच तसं म्हणतो.

आणि एडिट स्टाइन. या बाईंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. ज्यू घरातल्या, हुसर्लच्या विद्यार्थिनी. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, ऑस्ट्रियातल्या साथीच्या रोगांच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी परिचारिका म्हणून काम केलं. वेगवेगळ्या भाषा बोलणारे, तापानं फणफणलेले सैनिक, त्यातल्या कित्येकांची भाषा आपल्याला येत नाही, आणि तरी कुणाला काय हवंय ते ओळखायचं. त्यानंतर १९१६ साली त्यांनी प्रबंध पुरा केला, विषय परानुभूती, म्हणजे दुसऱ्याचा अनुभव आपल्यापर्यंत कसा पोचतो. पुढे त्या कॅथलिक जोगीण झाल्या. १९४२ साली नाझींनी त्यांना ऑश्विट्झच्या छावणीत मारलं.

स्टाइन जे सांगतात ते माझ्या शब्दांत असं. मित्राचं दुःख मी पाहतो, तेव्हा ते पाहणं माझं असतं, अस्सल माझं. पण दुःख त्याचं असतं, आणि ते त्याचंच म्हणून मला दिसतं. ते माझं झालं की मग मी त्याला पाहत नाही, स्वतःलाच पाहतो. हुसर्लनंही १९२९ सालच्या पॅरिसच्या व्याख्यानांतून पुढे जे पुस्तक झालं त्यात हेच टोक गाठलं. दुसऱ्याचं मन जर मला माझ्या मनासारखंच थेट मिळालं असतं, तर तो दुसरा उरलाच नसता, माझाच एक तुकडा झाला असता. दुसरा दुसरा राहतो तो याच जागेमुळे, जिथे मला पोचता येत नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे मी आधी ऐकलं होतं! 'आईच्या मनातलं मला काय म्हाईत' आणि 'जे दिसतं तेवढं लिव्हलं'. दोन्ही अर्धी त्या पोरीच्या तोंडात होती. दिसतं ते खरोखर दिसतं, आणि जे दिसत नाही ते आईचं आहे. बोट तोंडात घालून 'कुणी बघितलं का' बघणारी ती बाई... तिची वेदना त्या वाक्यात आहे, तिची लाजही आहे, आणि ती काय लपवू पाहते तेही आहे. मी लिहिलं, 'भावना नाहीत'!

आता माझ्याच बिरादरीतले मास्तर म्हणतील, काहीही काय बोलता, मनोगतानं मुलांची सहानुभूती वाढते, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायची सवय लागते. मीही हेच शिकवत आलो. पण 'त्याच्या जागी स्वतःला ठेवा' यात होतं काय ते बघा. त्या जागेवरून आधी त्याला उठवावं लागतं! मग तिथे बसतो कोण? आपणच. आपली भीती, आपलं रडणं, आपले शब्द. पहिल्या आलेल्या मुलानं मजुराच्या जागी स्वतःला ठेवलं आणि त्याला तिथे 'अभागी' वाटलं. मजुराला तसं वाटत असेलही, नसेलही. मुकादमाच्या उचलीचा हिशेब त्याच्या डोक्यात चालला असेल, नाहीतर गावाकडच्या म्हशीची आठवण. विचारायला कोण गेलं? माळ शाळेपासून दहा मिनिटांवर होता. चाळीस मुलांनी चाळीस मनोगतं लिहिली, आणि त्यातला एकही जण, त्यांचा मास्तर धरून, कोप्यांपर्यंत गेला नाही. जाण्याची गरजच वाटली नाही, कारण सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. सहानुभूती वाढवण्याच्या नावाखाली आम्ही न विचारण्याची सवय लावली.

याच्या उलट टोकाला दुसरी मंडळी आहेत. ती म्हणतात, 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं.' म्हणजे दुसऱ्यानं बोलूच नये. ही म्हण वापरतं कोण, याकडे जरा लक्ष द्या. ज्याचं जळतं तो वैतागून कधीतरी म्हणतो, त्याचा तो हक्क आहे. पण जास्त वेळा म्हणतो तो शेजारी बसलेला, पाण्याची बादली उचलायची नसते म्हणून. 'आपल्याला काय कळणार त्यांचं' असं म्हटलं की उठायला नको.

या प्रश्नावर गंभीर वाद झालेला आहे, आणि त्याची मुळं आपल्या मातीत आहेत. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त भारतीय समाजशास्त्रांतल्या विषमतेवर बोट ठेवलं. अनुभव दलितांनी पुरवायचा आणि सिद्धांत वरच्यांनी मांडायचा, अशी ज्ञानातली वर्णव्यवस्थाच होती ती. सुंदर सरुक्कई यांनी त्यांच्याशी वाद घातला, आणि त्या दोघांच्या वादाचं २०१२ साली इंग्रजीत पुस्तक झालं. त्यातला एक मुद्दा मला विसरता येत नाही. जगलेला अनुभव म्हणजे नुसता आलेला अनुभव नव्हे. ज्यातून उठून जायची मुभा नसते तो. मी तर म्हणतो, आमच्या सगळ्या मनोगतांचा पंचनामा एवढ्यात होतो. घंटा झाली की माझा पहिला नंबरवाला उसाच्या फडातून उठून डबा खायला जात होता. ती पोरगी शाळेतून उठून फडाकडे जात होती.

तरी मी त्या म्हणीच्या बाजूला जात नाही. सिद्धांत कोणी मांडावा याचा निवाडा करणारा मी कोण, ते मोठ्यांचं काम. मला फक्त वर्गाची काळजी आहे. 'कळत नाही' म्हणून गप्प बसणं आणि 'सगळं कळतं' म्हणून त्याच्या तोंडानं बोलणं, या दोन्हीत समोरच्या माणसाकडे पाहायचं राहूनच जातं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. आमच्या शेजारच्या आजऱ्यात जन्मलेले शिवाजी सावंत, त्यांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं. अख्खी कादंबरी 'मी'मध्ये आहे. मग तिलाही चार गुण देणार का? हा प्रश्न मी स्वतःलाच कित्येकदा विचारलाय. माझं उत्तर असं आहे, पटलं तर घ्या. 'मृत्युंजय'मध्ये एकटा कर्ण बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, श्रीकृष्ण बोलतात. एका 'मी'ला जे दिसत नाही ते दुसऱ्या 'मी'ला दिसतं. कर्णाच्या 'मी'मध्ये कर्ण मावत नाही, हे त्या रचनेनंच कबूल केलेलं आहे. शिवाय सावंतांनी त्यासाठी वर्षं घातली. आम्ही पस्तीस मिनिटांचा तास देतो.

आणि स्वतःचा 'मी' तरी कुठे एवढा हाताशी असतो? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं आणि आळीपाळीनं वाचलं. त्याच्या सुरुवातीला दया पवार आहेत आणि दगडू मारुती पवार आहे. माणूस एकच, पण एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. स्वतःचंच आयुष्य सांगायचं, स्वतः भोगलेलं, तरी त्यांना एक 'मी' पुरला नाही. बेबीताई कांबळ्यांनी तर पुस्तकाच्या नावातच 'मी' ठेवला नाही, 'जिणं आमुचं' म्हटलं. ज्यांनी भोगलं ते 'मी' म्हणताना इतके अडखळतात, आणि सातवीतल्या पोरानं गाइडमधून पाहून बेधडक 'मी एक अभागी' लिहावं?

इथे चांगदेवांची कथा आठवते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयानं आपण मोठे, ज्ञानानं ते मोठे, मग मायना काय लिहावा? आशीर्वाद की नमस्कार? ठरेना, म्हणून कोरा कागदच पाठवला, अशी आख्यायिका. पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं ते त्या कोऱ्या कागदाला. लोक या कथेत चांगदेवांना हसतात. मला मात्र त्यांचा तो कागद फार प्रामाणिक वाटतो. समोरच्याला काय म्हणावं हे कळत नसताना निदान त्यांनी त्याच्या तोंडी काही घातलं नाही.

असो. भरकटलो.

नातवाला मी काय सांगितलं ते सांगतो. म्हटलं, ते यंत्राचं राहू दे. आपल्या तालुक्यात कोवाड आहे. तुझ्या आजीनं ज्यांचं 'स्वामी' चार वेळा वाचलं, त्या रणजित देसाईंचं गाव. २०१९च्या ऑगस्टात ताम्रपर्णीचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं. २०२१ला पुन्हा शिरलं. तिथे माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांना फोन कर. तू कोण ते सांग, 'तुम्ही' म्हणून बोल, आणि 'तुम्हाला कसं वाटलं' असं विचारू नकोस, टीव्हीवाले विचारतात तसं. पाणी उतरल्यावर पहिल्यांदा काय केलंत ते विचार.

त्यानं केला. अर्धा तास बोलले म्हणे. दुकानदारांनी सांगितलं की शटर वर केल्यावर चिखलातून त्यांनी आधी उधारीची वही शोधली. पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती चुलीच्या वर दोरीला टांगून सात दिवस वाळवली. नातवानं विचारलं, "मग वाचता आली का?" तर ते हसले म्हणे आणि म्हणाले, "काही आली, काही मी आली असं म्हणालो." याचा अर्थ काय, असं नातू मला विचारत होता. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तू ऐकलंस ते लिही, आणि ते हसले तेही लिही.

त्यानं लिहिलंय. 'मी' असा आलाय की 'मी त्यांना फोन केला'. बाकी सगळं 'ते'. पंचवीसच्या जागी एकोणीस ओळी झाल्यात, आणि वर शीर्षक मात्र बाईंनी दिलेलंच ठेवलंय. वही अजून तपासून आलेली नाही.